आई-बाबांचे नैराश्य आणि पॅनिक अटॅक: मदत कधी, कुठे आणि कशी घ्यावी?

मुलाला ताप आला, तर आई-बाबा रात्री अकरा वाजताही दवाखान्याचे दार ठोठावतात. स्वतःची झोप मात्र तीन महिने उडालेली असते, छातीत अधूनमधून धडधडते, कशातच मन लागत नाही. त्यासाठी दवाखान्यात यायला त्यांना सवड मिळत नाही. आलेच, तर तक्रार वेगळीच सांगतात. "डॉक्टर, फार थकवा येतो, एखादं सलाईन लावा." "डोकं सारखं जड असतं." "ॲसिडिटी वाढली आहे, छातीत कसंतरीच होतं." काही जण मुलाला दाखवायला आलेले असताना निघता निघता म्हणतात, "माझंही जरा बीपी बघा ना." बीपी नॉर्मल असते. घरचे कसे चालले आहे, एवढे विचारले की डोळे भरून येतात.

नैराश्य आणि पॅनिक अटॅक हे दोन्ही आजार फॅमिली डॉक्टरकडे बऱ्याचदा असे शरीराच्या तक्रारींच्या आडून येतात. ते दुर्मिळ नाहीत. बंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, दर २० प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा आजार होतो. नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते.

पालकांच्या बाबतीत हा उशीर आणखी वाढतो, कारण "आधी मुलांचं होऊ दे, मग माझं बघू" असे त्यांनी ठरवलेले असते. हा लेख अशा आई-बाबांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

नैराश्य म्हणजे नेमके काय?

एखाद्या दिवशी उदास वाटणे, मुलांवर वैतागणे, दमून रडू येणे हे सगळ्यांनाच होते. एक रात्र नीट झोप मिळाली किंवा कोणाशी मोकळे बोलणे झाले की ते निवळते. नैराश्याच्या आजारात तसे होत नाही. खालीलपैकी पाच किंवा अधिक लक्षणे, दिवसातील बराच काळ, जवळजवळ रोज आणि किमान दोन आठवडे टिकली, तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. त्यात पहिल्या दोनपैकी किमान एक लक्षण असावेच लागते.

• सतत उदास, रिकामे किंवा हताश वाटणे
• पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस न उरणे
• झोप न लागणे, पहाटे लवकर जाग येणे किंवा खूप झोप येणे
• भूक किंवा वजन लक्षात येण्याइतके कमी-जास्त होणे
• अंगात त्राण नसल्यासारखे वाटणे
• हालचाल आणि बोलणे मंदावणे, किंवा उलट एका जागी बसवत नाही अशी तगमग
• लक्ष न लागणे, साधे निर्णयही न घेता येणे
• आपण निरुपयोगी आहोत, सगळे आपल्यामुळेच बिघडले, अशी अपराधी भावना
• जगण्यात अर्थ नाही असे वाटणे, मरणाचे किंवा आत्महत्येचे विचार येणे

घरात ही लक्षणे पुस्तकातल्यासारखी दिसत नाहीत. डब्याला काय करायचे, एवढे ठरवायलाही अर्धा तास लागतो. मूल शाळेतली गंमत सांगत असते, ती कानावर पडते पण आत पोहोचत नाही. सकाळी मुलांना उठवताना आधी स्वतःलाच उठवणे कठीण जाते. लहानशा चुकीवरून मुलावर हात उगारला जातो आणि मग रात्रभर "मी वाईट आई आहे" हेच डोक्यात फिरत राहते. ही अपराधी भावना आजाराचेच लक्षण आहे, हे ध्यानात ठेवा. ती तुमच्या पालकपणाचे प्रगतिपुस्तक नाही.

बाबांचे नैराश्य अनेकदा ओळखूच येत नाही. ते रडताना दिसत नाहीत. चिडचिड वाढते, घरी उशिरा येणे सुरू होते, दारू वाढते, मोबाइलमध्ये डोके खुपसलेले असते, मुलांशी बोलणे "अभ्यास झाला का?" एवढ्यावर येते. घरातले म्हणतात, "हल्ली यांचा स्वभावच बदललाय." काही आठवड्यांत स्वभाव बदलला असेल, तर त्यामागे आजार आहे का, हे पाहायला हवे.

बाळंतपणानंतरचे नैराश्य

बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांनी बहुतेक बायकांना रडू येणे, हळवे होणे, चिडचिड हे जाणवते. हे साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. ते त्यापुढे टिकले, वाढत गेले, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले किंवा बाळ झोपलेले असतानाही झोप येत नसेल, तर डॉक्टरांना सांगा. "पहिलटकरीण आहे, होईल सवय" म्हणून सोडून देऊ नका.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आईला भास होऊ लागले, ती असंबद्ध बोलू लागली, दिवसरात्र न झोपताही उत्साहात असेल, किंवा बाळाबद्दल विचित्र संशय बोलून दाखवू लागली, तर ती तातडीची स्थिती आहे. त्याच दिवशी रुग्णालयात न्या. तोपर्यंत आई आणि बाळ दोघांजवळ कोणीतरी सतत थांबा.

पॅनिक अटॅकमध्ये काय होते?

अचानक, काही वेळा कसलेही कारण नसताना, प्रचंड भीती उसळते. छातीत धडधड, श्वास अपुरा पडणे, दरदरून घाम, हातपाय थरथरणे, छातीत दुखणे, मळमळ, चक्कर, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येणे ही लक्षणे एकदम सुरू होतात. "आता मी मरणार", "मला वेड लागणार" किंवा "माझा ताबा सुटणार" असे वाटते. बहुतेक अटॅक दहा मिनिटांच्या आत शिखर गाठतात आणि अर्ध्या तासात ओसरतात. नंतर अंग गळून जाते.

हे का होते? धोका आला की शरीर पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी सज्ज होते. ॲड्रेनॅलिन वाढते, हृदय जोरात धावते, श्वास वेगाने चालतो. पॅनिक अटॅकमध्ये हीच धोक्याची घंटा धोका नसताना वाजते. श्वास फार वेगाने चालल्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो. चक्कर आणि मुंग्या बऱ्याच अंशी त्यामुळे येतात. त्या मुंग्या पाहून माणूस आणखी घाबरतो, श्वास आणखी वाढतो आणि हे चक्र सुरू राहते.

एखादा अटॅक येऊन गेला म्हणजे पॅनिक डिसऑर्डर झाला असे नाही. अटॅक पुन्हा पुन्हा येऊ लागले, "परत आला तर?" या भीतीत महिना-महिना जाऊ लागला, आणि माणूस जागा टाळू लागला की तो आजार होतो. पालकांचे टाळणे घरावर लगेच दिसते. स्कूटरवर मुलाला बसवायची भीती वाटते. पालकसभेला जाणे बंद होते. लोकलने जायचे म्हटले की पोटात गोळा येतो. मुलासोबत घरी एकटे राहायचे म्हटले तरी "मला काही झालं तर याला कोण बघणार?" या विचाराने धडधड सुरू होते.

नैराश्य आणि पॅनिक अटॅक अनेकदा एकाच माणसाला एकत्र होतात. एकाचे उपचार घेताना दुसऱ्याबद्दलही डॉक्टरांना सांगा.

हा हार्ट अटॅक तर नाही ना?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर घरी बसून देता येत नाही. पहिल्यांदाच असा झटका आला असेल, तर तो पॅनिकच आहे असे गृहीत धरू नका. विशेषतः वय चाळिशीच्या पुढे असेल, मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा तंबाखूचे व्यसन असेल, वेदना चालताना किंवा जिना चढताना वाढत असेल, हात, जबडा किंवा पाठीकडे जात असेल, शुद्ध हरपली असेल, किंवा त्रास अर्ध्या तासाहून अधिक टिकला असेल, तर थेट रुग्णालय गाठा आणि ईसीजी काढा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.

तपासणीत हृदय ठीक निघाले, की घरचे म्हणतात, "काही नाही झालेलं, सगळं मनाचं आहे." हे वाक्य अर्धेच आहे. ईसीजी नॉर्मल याचा अर्थ त्या वेळी हृदयविकाराची खूण दिसली नाही, एवढाच. त्रास खरा असतो आणि त्याला उपचार लागतात. एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात जात तेच ईसीजी आणि टूडी इको पुन्हा पुन्हा काढत बसण्यापेक्षा, एकदा नीट तपासणी झाली की पॅनिकवरचे उपचार सुरू करणे हिताचे असते.

पालक मदत का घेत नाहीत?

दवाखान्यात साधारण चार कारणे ऐकू येतात.

*"मुलांकडे कोण बघणार? मला आजारी पडायला वेळ नाही."*

आजारासाठी वेळ काढला नाही, तरी आजार तो वेळ घेतोच. पालकाचे नैराश्य मुलाच्या झोपेवर, वागण्यावर आणि अभ्यासावर उतरू शकते. त्याची दुसरी बाजू फार दिलासा देणारी आहे. अमेरिकेत नैराश्यावर उपचार घेणाऱ्या आया आणि त्यांची ७ ते १७ वर्षांची मुले अशा १५१ जोड्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांच्या औषधोपचारानंतर ज्या आयांचे नैराश्य दूर झाले, त्यांच्या मुलांमधील मानसिक त्रासाचे प्रमाण कमी झाले. ज्यांचे झाले नाही, त्यांच्या मुलांमध्ये ते वाढले. म्हणजे तुमच्या उपचाराला दिलेला तास मुलाच्या वाट्यातून जात नाही. तो मुलाच्याच खात्यात जमा होतो.

*"लोकांना कळलं तर? उद्या सासरच्यांनी मुलं काढून घेतली तर?"*

ही भीती अनेक आया दार बंद करून, हळू आवाजात सांगतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार मानसिक आजाराची माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा हक्क रुग्णाला आहे. कायद्याने त्याला मोजकेच अपवाद ठेवले आहेत. मानसिक आजाराचे निदान झाले, एवढ्यावरून ती व्यक्ती "वेडसर" ठरत नाही, हे याच कायद्यात स्पष्ट आहे; तसे ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. मानसिक रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आली, तरी तीन वर्षांखालील मुलाला सर्वसाधारणपणे आईपासून वेगळे करू नये, अशीही तरतूद त्यात आहे. बाळाला धोका असेल, तरच तात्पुरते वेगळे ठेवता येते. निमहान्समध्ये तर २००९ पासून आई आणि बाळाला एकत्र दाखल करून घेणारा विभाग आहे. घटस्फोट किंवा ताब्याचा वाद आधीच सुरू असेल, तर वकिलाचा सल्ला घ्या. पण त्या भीतीपोटी उपचार थांबवू नका. नियमित उपचार घेऊन बरे असणे हे तुमच्या बाजूचेच असते.

*"एकदा गोळ्या सुरू झाल्या की जन्मभर घ्याव्या लागतात."*

बहुतेकांच्या बाबतीत असे होत नाही. याविषयी पुढे सविस्तर येईल.

*"माझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतले लोक हसत जगतात. मला काय धाड भरलीय?"*

नैराश्य परिस्थिती पाहून येत नाही. चांगला जोडीदार, निरोगी मुले, हप्ते फेडलेले घर असतानाही ते येते. आनुवंशिकता, संप्रेरकांतील बदल, दीर्घकाळचा ताण, अपुरी झोप, पूर्वीचे आघात अशा अनेक गोष्टी त्यात गुंतलेल्या असतात. मधुमेह झालेल्याला कोणी "तुला काय कमी आहे?" असे विचारत नाही.

कोणाकडे जायचे?

सुरुवात फॅमिली डॉक्टरपासून करायला हरकत नाही. ओळखीचा दवाखाना असतो, तिथे जाताना कोणाला काही सांगावे लागत नाही. सौम्य ते मध्यम स्वरूपाच्या त्रासात अनेकदा तिथूनच उपचार सुरू करता येतात. त्रास तीव्र असेल, आत्महत्येचे विचार असतील, गरोदरपण किंवा स्तनपान सुरू असेल, पूर्वी अतिउत्साहाचे झटके येऊन गेले असतील, किंवा सहा ते आठ आठवड्यांत फरक पडला नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांची गरज असते. मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मानसिक आजारांचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि औषधे देतात. मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात; औषधे देत नाहीत. अनेकांना दोन्हींचा मिळून अधिक उपयोग होतो.

खर्चाची चिंता असेल, तर हे पर्याय आहेत:

• जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून तिथे तपासणी आणि औषधे मिळतात.
• शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे बाह्यरुग्ण विभाग.
• ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये. गोव्यात बांबोळी येथील मानसोपचार संस्था. इथे बाह्यरुग्ण विभागातही उपचार मिळतात. इथे गेले म्हणजे दाखलच करून घेतात असे नाही.
• टेली-मानस, क्रमांक १४४१६. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही मोफत सेवा चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येते. बाहेर पडणे शक्य नसलेल्या आईसाठी मुले झोपल्यावर केलेला हा एक फोनही चांगली सुरुवात आहे.

आरोग्य विमा असेल, तर मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच विमा संरक्षण द्यावे, असे २०१७ चा कायदा सांगतो. पॉलिसीतील अटी विचारून घ्या.

पहिल्या भेटीत काय सांगायचे?

दवाखान्यात गर्दी असते, मूल कडेवर असते आणि आयत्या वेळी शब्द सुचत नाहीत. म्हणून आधीच एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या:

१. त्रास कधीपासून आहे आणि कशामुळे वाढतो
२. झोप, भूक, कामावर आणि मुलांच्या संगोपनावर काय परिणाम झाला
३. सध्या कोणती औषधे सुरू आहेत. दारू, तंबाखू, चहा-कॉफी किती
४. स्वतःला किंवा मुलाला इजा करण्याचे विचार येतात का

चौथ्या प्रश्नाचे उत्तर खरे द्या. असे विचार येतात म्हणून डॉक्टर तुम्हाला वाईट माणूस समजत नाहीत. ते सांगितले, तरच सुरक्षिततेची व्यवस्था करता येते. बोलायला जमतच नसेल, तर कागद डॉक्टरांच्या हातात द्या. शक्य असेल, तर त्या भेटीला मुलाला सोबत नेऊ नका. त्याच्यासमोर तुम्ही मोकळे बोलणार नाही.

डॉक्टर गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेऊ शकतात. तिचे गुण ० ते २७ असतात. १० किंवा अधिक गुण आले, तर सविस्तर तपासणीची गरज असते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, गरजेप्रमाणे बी-१२ अशा रक्ततपासण्याही सांगितल्या जातात. रक्तक्षय किंवा थायरॉइड कमी असल्यामुळे नैराश्यासारखा थकवा येतो, तर थायरॉइड वाढल्यामुळे पॅनिकसारखी धडधड होऊ शकते. ही कारणे निघाली, तर त्यांचे उपचार आधी किंवा सोबत करावे लागतात.

उपचार कसे असतात?

*बोलण्यातून उपचार.* यात नुसते मन मोकळे करणे नसते. आपल्या डोक्यात आपोआप येणारे विचार ओळखून ते तपासायला शिकवले जाते. "टिफिन वेळेवर झाला नाही, म्हणजे मी नालायक आहे" हा विचार पुराव्यावर टिकतो का, ते पाहिले जाते. पॅनिकमध्ये टाळलेल्या जागांकडे पायरीपायरीने परत जाण्याचा सराव करून घेतात: आधी शाळेच्या फाटकापर्यंत, मग वर्गापर्यंत, मग पूर्ण पालकसभा. नैराश्यात "बरं वाटलं की करीन" याची वाट न पाहता, छोट्या ठरलेल्या कृती आधी करायच्या असतात. गोव्यात संगात या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच पद्धतीचा उपचार प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांकडून सहा ते आठ भेटींत देऊन पाहिला. ते मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, तरी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना त्याचा फायदा झाला. या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहेत.

*औषधे.* नैराश्य आणि पॅनिक या दोन्हींवर एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन यांसारखी औषधे सामान्यतः दिली जातात. त्यांच्याविषयी हे माहीत असावे:

• परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला त्याहून जास्त. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका.
• सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, झोपेत बदल किंवा थोडी अस्वस्थता होऊ शकते. ती बहुधा एक-दोन आठवड्यांत कमी होते. पॅनिक असलेल्यांना म्हणूनच कमी डोसपासून सुरुवात करतात. अस्वस्थता फार वाढली किंवा आत्महत्येचे विचार येऊ लागले, तर लगेच डॉक्टरांना कळवा.
• लैंगिक इच्छेवर परिणाम होऊ शकतो. संकोच न करता सांगा. डोस किंवा औषध बदलता येते.
• या औषधांचे व्यसन लागत नाही. पण ती अचानक बंद केली, तर चक्कर, चिडचिड, अंगात वीज चमकल्यासारखे वाटणे असा त्रास होतो. म्हणून ती हळूहळू कमी करायची असतात.
• पहिल्यांदाच नैराश्य आले असेल, तर बरे वाटल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात. आजार वारंवार उलटत असेल, तर अधिक काळ.
• स्तनपान सुरू असेल, तरी उपचार घेता येतात. सर्ट्रालिन दुधात फार कमी प्रमाणात उतरते, म्हणून ते अनेकदा निवडले जाते. गरोदरपणी किंवा स्तनपानात औषध स्वतःहून सुरू किंवा बंद करू नका.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्यांनी पॅनिक झटपट शांत होते, पण त्यांची सवय लागते आणि दिवसा सुस्ती येते. त्या डॉक्टरांनी सांगितल्या, तरच आणि तेवढेच दिवस घ्याव्यात. जुनी चिठ्ठी दाखवून किंवा शेजारणीकडून मागून घेऊ नयेत. दारूबरोबर तर मुळीच नाही.

रोज अर्धा तास चालणे, झोपेची ठरलेली वेळ, चहा-कॉफी कमी करणे, दारू बंद ठेवणे यांचा उपचाराला चांगला हातभार लागतो. देवदर्शन, नामस्मरण, योग यांनी आधार वाटत असेल, तर जरूर करा. मात्र अंगारा-धुपाऱ्यासाठी गोळ्या थांबवू नका.

मुलासमोर पॅनिक अटॅक आला, तर?

१. खाली बसा. गाडी चालवत असाल, तर बाजूला घेऊन थांबा.
२. स्वतःला सांगा: "हा पॅनिक आहे, आधीही आला होता, थोड्या वेळात ओसरेल." हे निदान डॉक्टरांनी आधी केलेले असेल, तेव्हाच लागू.
३. नाकाने सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. खूप खोल श्वास ओढू नका. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय टाळा. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल, तर तो धोकादायक ठरतो.
४. आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावे मनात घ्या, जमिनीला टेकलेले पाय जाणवून घ्या.
५. मुलाला एकच वाक्य सांगा: "मला थोडं घाबरल्यासारखं होतंय, पाच-दहा मिनिटांत बरं वाटेल, तू इथेच बस."
६. मोठ्या मुलाला एका जवळच्या मोठ्या माणसाचा फोन नंबर पाठ करून ठेवायला सांगा.

मुलांना काय सांगायचे?

काहीच सांगितले नाही, तर मुले स्वतःच अर्थ लावतात, आणि बहुधा "माझ्यामुळेच आई रडते" असाच लावतात. लहान मुलाला सांगा: "बाबांना बरं नाहीये. ताप येतो ना, तसा हा मनाचा आजार आहे. तुझ्यामुळे झालेला नाही. डॉक्टर औषध देत आहेत." आठवी-नववीतल्या मुलाला आजाराचे नाव सांगा आणि त्याचे प्रश्न ऐकून घ्या. मात्र मुलाला आपला समुपदेशक करू नका. "हे कोणाला सांगू नकोस" असे ओझेही त्याच्यावर टाकू नका. धाकट्या भावंडाची सगळी जबाबदारी मोठ्या मुलीवर येत नाही ना, हे पाहा.

मूल झोपेत दचकू लागले, शाळेत जायला नकार देऊ लागले, गप्प झाले किंवा फार चिडू लागले, तर त्यालाही डॉक्टरांना दाखवा.

घरच्यांनी काय करावे?

"मन खंबीर कर", "आम्ही चार-चार मुलं वाढवली, आम्हाला नाही झालं असलं काही" ही वाक्ये जखमेवर मीठ चोळतात. त्याऐवजी ठोस काम उचला. "काही लागलं तर सांग" म्हणण्यापेक्षा "उद्यापासून शाळेत मी सोडतो" हे अधिक उपयोगी. दवाखान्यात सोबत जा, बाहेर मूल सांभाळा. बाळ रात्री उठत असेल, तर एक पाळी तुम्ही घ्या, म्हणजे आईला सलग चार-पाच तास झोप मिळेल. गोळ्या वेळेवर घेतल्या जातात का, हे टोमणा न मारता विचारा.

आत्महत्येचे विचार येतात का, हे थेट विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मोकळे व्हायला वाट मिळते. असे विचार असतील, तर घरातील कीटकनाशके, उंदराचे औषध आणि जास्तीच्या गोळ्या कुलपात ठेवा किंवा घराबाहेर हलवा. शेतकरी कुटुंबात फवारणीचे औषध घरात ठेवूच नका. असा विचार बऱ्याचदा तीव्र लाटेसारखा येतो. त्या क्षणी साधन हाताशी नसले, तर जीव वाचण्याची शक्यता वाढते.

ताबडतोब मदत केव्हा घ्यावी?

• आत्महत्येचा विचार पक्का होत असेल, तयारी केली असेल किंवा निरोपाची भाषा येऊ लागली असेल
• मुलाला इजा करण्याचे किंवा "मुलांना सोबत घेऊन जाईन" असे विचार येत असतील
• भास होत असतील, असंबद्ध बोलणे सुरू असेल
• खाणे-पिणे जवळजवळ बंद झाले असेल

अशा वेळी व्यक्तीला एकटे सोडू नका, मुलांना दुसऱ्या विश्वासू माणसाकडे ठेवा आणि जवळच्या रुग्णालयात न्या. १०८ किंवा ११२ वर फोन करा. बोलण्यासाठी १४४१६ आहेच. आत्महत्येचा प्रयत्न केला म्हणून आता शिक्षा होईल, या भीतीने रुग्णालय टाळू नका. तसा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती, असे २०१७ चा कायदा गृहीत धरतो. अन्यथा सिद्ध न झाल्यास तिच्यावर खटला चालवला जात नाही.

आज एवढे करा

सगळे एकदम जमवायची गरज नाही. गेल्या दोन आठवड्यांत वरीलपैकी कोणती लक्षणे रोज जाणवली, ते कागदावर लिहा. घरातल्या किंवा ओळखीच्या एका माणसाला सांगा. या आठवड्यातला एक दिवस ठरवून डॉक्टरांची वेळ घ्या. मुलाच्या लसीची तारीख जशी कॅलेंडरवर खूण करून ठेवता, तशी हीही ठेवा. मुलांची लस चुकू न देणाऱ्या पालकांना स्वतःची तारीख पाळणेही जमते.